तिसऱ्या नळीवरचं पाणी

गाडीत बिघाड झाला की आधी कानाला कळतं, असं सगळे गाडीवाले सांगतात. माझे कान कंपनीत गेले. रोह्याच्या कारखान्यात बॉयलरच्या शेजारी नोकरीची सगळी वर्षं काढली. मोठ्यानं बोललेलं ऐकू येतं, बारीक आवाज येत नाहीत. मुलानं कानात घालायचं मशीन आणून दिलं आहे. ते घातलं की इंजिन, कावळा आणि सुनेचा मिक्सर सगळं एका मापात ऐकू येतं, म्हणून ते मी देवाच्या फळीवर ठेवलं आहे. देवाला उपयोग होत असेल तर होवो.

तरी मी गाडी चालवायचो आणि चांगली चालवायचो, कारण बाजूला बायको बसायची. स्टेअरिंग माझ्याकडे आणि गाडीचे कान तिच्याकडे, अशी वाटणी होती.

गाडी जुनी. आम्ही घेतली तेव्हाच कुणीतरी वापरून झालेली होती. पेट्रोलवर चालणारी, कार्बोरेटरवाली, आताच्या गाड्यांसारखी डोक्यात कॉम्प्युटर नसलेली. दिवा लावून ती सांगत नाही की मला अमुक झालं आहे. तिचं आपल्याला ओळखावं लागतं.

बायको पेणच्या बाजूची, खाडीकडची. माहेरची माणसं मिठागरावर राबणारी. मिठाच्या वाफ्यातून अनवाणी चालत ती माणसं सांगतात, खाली मीठ धरलं का नाही ते. लहानपणापासून तिच्या तळपायांना ती सवय. गाडीत बसली की ती चपला काढायची, पायाखालचं रबराचं मॅट बाजूला सारायची आणि दोन्ही पाय उघड्या पत्र्यावर टेकवायची. मला वाटायचं, घरात शिरताना काढतात तशा चपला काढते, गाडीला मान देते. एकदा मी त्यावरून हसलो.

"मान बिन काय नाय," ती म्हणाली. "पायाला आधी कळतं. कानाला मागून."

गाडीच्या एकाही भागाचं नाव तिला येत नव्हतं. फॅन बेल्ट सैल झाला तर म्हणायची, "मांजराच्या शेपटीवर पाय पडला." टॅपेट वाजायला लागले तर, "कोण तरी सुपात पोहे पाखडतंय." सायलेन्सरला भोक पडलं तेव्हा म्हणाली, "म्हातारा तोंड उघडं टाकून घोरतोय," आणि वर माझ्याकडे बघितलं. रोह्याहून पूल ओलांडला की अष्टमी गाव लागतं, तिथं आमचा मिस्त्री आहे. गाडी नेली की तो मला काही विचारायचाच नाही. हात पुसत तिच्या खिडकीशी जायचा.

"काकी, या वेळेस काय म्हणते?"

"कढी उतू जायच्या आधी जशी फुसफुसते ना, तशी."

"थंड असताना का तापल्यावर?"

"तापल्यावर. आणि चढावाला जास्ती."

मग तो बरोबर हात घालायचा. मी बाजूला उभा राहून तंबाखू मळायचो. गाडी माझ्या नावावर होती, एवढाच माझा संबंध.

एकदा नागोठण्याला जाताना भिसे खिंडीच्या चढावर ती म्हणाली, "थांबवा." मी म्हटलं, वर जाऊन थांबवतो. "अवो, आत्ता थांबवा. हिचा घसा सुकलाय." थांबलो. बॉनेट उघडलं तर पाण्याचा रबरी पाईप फाटून पाणी सगळं निघून गेलं होतं. आणखी थोडं पुढं गेलो असतो तर इंजिन जाम झालं असतं. इंजिन निवेपर्यंत आम्ही खिंडीत दगडावर बसलो. तिच्याकडे पिशवीत भाकरी होती. ती नेहमी असायची.

ती मागच्या थंडीत गेली. फार दिवस पडून नव्हती. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. हे गाडीचं लिहितोय आणि मला तेवढंच लिहिता येईल.

गाडी अंगणातल्या मांडवात उभी राहिली. मला तिच्यात बसवेना. वालाचं पीक निघालं, झोडणी झाली, त्याची काडं आणि टरफलं गाडीच्या चारी बाजूंना रचली गेली. कोणी रचली, कधी रचली, मला माहीत नाही. मी तेव्हा अंगणाकडे पाठ करून बसत होतो. पुढे पावसाळा गेला. गाडी काडांच्या गंजीत म्हशीसारखी बसून राहिली.

परत थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या, तेव्हा मुलगा एक दिवस शिफ्टवरून आला तो गाडीचे कागद घेऊनच समोर बसला. मुलगाही कंपनीतच आहे. माझ्यापेक्षा शिकलेला, बोलायला माझ्यासारखाच. मोठ्यानं आणि सरळ.

"बाबा, गाडीची नोंदणी संपत आली. पुढं चालवायची तर पेणला आरटीओत नेऊन दाखवायला लागंल, पास करून घ्यायला लागंल. ती काय पास होत नाय. भंगारवाला बघून ठेवलाय मी."

"कुणाला विचारून?"

"विचारायला तुम्ही बोलता कुठं? वरीस झालं, जेवायला बसा म्हटलं की बसता, उठा म्हटलं की उठता."

हे खरं होतं म्हणून मला जास्त राग आला.

"गाडी पास होईल," मी म्हटलं.

"आणि नाय झाली तर?"

"नाय झाली तर तिथनंच भंगारात घाल. मी तोंडातून शब्द काढणार नाय."

"नक्की?"

"बाप हाय मी तुझा. लिहून देऊ का?"

त्यानं मोबाईलवर पेणची तारीख घेतली. असा सौदा ठरला. सून दारात उभी राहून ऐकत होती. ती मुलाला म्हणाली, "निदान बोलले तरी."

दुसऱ्या दिवशी मी काडं बाजूला केली, बॅटरी चार्जिंगला दिली, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नवीन भरलं. गाडी सुरू झाली. मला वाटलं झालं काम. मुलाला बाजूला बसवून रोह्यापर्यंत गेलो. जाताना ठीक. येताना अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "बाबा, ही खोकतेय."

"मला नाय ऐकू येत."

"तुम्हाला नाय येत, पण ती खोकतेय."

मला एवढंच कळलं की पाय दाबला तरी गाडी ओढ घेत नव्हती. घरी येऊन मागे उभा राहिलो तर सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास. जळलेल्या धुराचा वास वेगळा आणि न जळलेल्या पेट्रोलचा वेगळा. नाक माझं अजून शाबूत आहे. म्हणजे आत कुठेतरी पेट्रोल जातंय आणि पेटत नाहीये.

गाडी अष्टमीला नेली. मिस्त्री बाहेर आला. हात पुसत सवयीनं डाव्या खिडकीशी गेला आणि तिथं उभाच राहिला. मग बॉनेटकडे आला.

"आता कोण सांगणार, काका?" तो म्हणाला.

"मी सांगतो. ओढत नाय आणि पेट्रोलचा वास मारते."

त्यानं इंजिन चालू करून बघितलं. तिथं गाडी शहाण्या पोरीसारखी वागली. एकदाही चुकली नाही. त्यानं प्लग काढून साफ केले, कार्बोरेटर उघडून धुतला, जरा फिरवून आणली. काही नाही. मी घरी निघालो, आणि गाव यायच्या आधी परत तेच. परत अष्टमी. परत शहाणी पोर.

"काका, आजार दाखवल्याशिवाय डॉक्टर तरी काय करणार?" मिस्त्री म्हणाला. "ही माझ्या दारात आली की बरी होते. दोनच वाटा हायेत. एक तर इंजिन उतरवून पूर्ण खोलायचं. वय झालंय, आत रिंगा झिजल्या असतील. नाय तर तुम्ही मला नेमकं सांगा, कधी होतं आणि कुठं होतं. काकी सांगायच्या तसं."

"इंजिन खोललं तर पेणच्या तारखेला बसेल?"

"नाय बसणार."

"मग दुसरी वाट."

"तुम्हाला ऐकू येत नाय, काका. रागवू नका."

"कान नाहीत तर नाहीत. बाकी सगळा आहे ना मी?"

घरी आलो आणि मुलाला काही सांगितलं नाही. तो "काय म्हणाला मिस्त्री?" विचारत होता, त्याला मी सांगितलं, तुझा भंगारवाला काय म्हणतो ते बघ.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी कोलाडला जायला लागलो. जायचं, नाक्यावर चहा प्यायचा, यायचं. बिघाडाला गाठायचं तर त्याच्या वाटेवर बसायला हवं. रानात डुकराची वाट बघत बसतात तसा मी गाडीत बसत होतो. आणि मी चपला काढल्या. मॅट काढून मागे टाकलं. उजवा पाय पेडलवर, डावा पाय मोकळा असेल तेव्हा पत्र्यावर. थंडीत पत्रा असा लागायचा की दातावर दात. पण बसलो.

पहिल्यांदा काही कळलं नाही. नुसती थरथर. सगळ्या गाडीची एक थरथर, तिच्यातून काय वेगळं काढायचं? चहावाला विचारायचा, "काका, रोज येता. आमच्या चहात असं काय हाय?"

"काय नाय," मी म्हणायचो. "साखरपण नाय."

मग हळूहळू पाय शिकला. हे मला लिहून नीट सांगता येत नाही. पूर्वी आमच्याकडे बाया उखळात कांडायच्या, चौघी मिळून, एकीमागे एक मुसळ पडायचं. डोळे मिटून ओसरीवर पडलो तरी जमिनीतून ते पाठीला लागायचं. त्यातली एक थांबली की ठेक्यात खड्डा पडायचा. इंजिन तसंच आहे. चार मुसळं. थंड गाडीत चारही पडतात. निम्म्या वाटेत, इंजिन चांगलं तापलं की एक पडायचं बंद होतं. तळपायाखाली तो खड्डा मला लागला तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, "घावला गो!"

बाजूची सीट मोकळी होती. मी तसाच पुढे गेलो.

आता कधी होतं ते कळलं होतं. तापल्यावर, जोर लावला की. पण चारातला कोणता थांबतो ते पायाला कळत नव्हतं. त्या दिवशी चहाला थांबलो नाही. पुढं एक मोकळी जागा बघून गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि बॉनेट उघडलं. इंजिन एका बाजूला झोकांड्या देत होतं. एक बाई कमी पडली की बाकीच्या तिघींची होते तशी ओढाताण.

आता काय करावं म्हणून बघत उभा राहिलो. इंजिनाच्या कुशीतून लोखंडाच्या चार आखूड नळ्या निघतात, खाली एक होतात आणि सायलेन्सरला जातात. जळलेला धूर त्यातून जातो. चारही नळ्या तापून असतात. ते तापलेलं काळं लोखंड बघताना मला शेतातली पोपटी आठवली.

आमच्याकडे थंडीत पोपटी लावतात, सगळ्या रायगडात लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, असं भरून मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. आत शिजलं का नाही ते मडकं न उघडता ओळखायचं. त्यासाठी बाहेरून पाण्याचा शिपका मारायचा. चर्र करून पाणी उडून गेलं तर झालं. पाणी ओघळलं तर अजून जाळ हवा. हे काम तिचं होतं. ओंजळीतून पाणी शिंपडायची आणि कान पुढं करायची. मला ती चर्र कधी ऐकू आली नाही, पण मडक्यावरून पाणी नाहीसं होताना मी डोळ्यांनी बघत होतो. ती "झाली" म्हणायच्या आधी मला कळायचं. तिला ते कधी सांगितलं नाही. तिचं काम तिच्याकडे राहावं.

ज्या नळीत पेट्रोल पेटत नसेल ती नळी निवणार. बाकीच्या तीन तापलेल्या राहणार. हे कळायला शाळा लागत नाही.

मी लगेच पाणी टाकलं नाही. इंजिन तसंच चालू ठेवून थांबलो, निवणाऱ्याला निवू दिलं. मग बाटलीतलं पाणी बोटांवर घेतलं. पहिल्या नळीवर शिंपडलं. थेंब उडाले आणि गेले. दुसऱ्या नळीवर तसंच. तिसऱ्या नळीवर थेंब बसले, थोडे पसरले आणि खाली ओघळले. चौथीवर परत उडाले. माझा विश्वास बसेना म्हणून पुन्हा सगळ्यांवर शिंपडलं. तिसरी ओलीच राहिली.

एक मोटारसायकलवाला थांबला. "काय आजोबा, गाडीला आंघोळ घालताय?"

"व्हय. तुझं झालं का?"

तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि तिसऱ्या नळीच्या वर इंजिनावर एक बोट ओढलं. मग बॉनेट लावून तशीच, तीन मुसळांवर, सावकाश चालवत गाडी अष्टमीला नेली.

मिस्त्री बाहेर आला तो या वेळेस माझ्या खिडकीशी आला.

"तापल्यावर होतं," मी सांगितलं. "जोर लावला की होतं. आणि तिसरं इंजिन मरतं." तिसरा सिलिंडर म्हणायचं होतं मला. त्याला कळलं.

"कशावरून तिसरा?"

मी चुन्याचं बोट दाखवलं आणि पाण्याचं सांगितलं. तो हसायला लागला.

"आमचे उस्ताद थुंकी टाकायचे त्याच्यावर. तुम्ही पाणी घेतलंत म्हणजे सोवळे दिसता. पण काका, ओतलं नाय ना? ओतलं तर तापलेलं लोखंड तडकतं."

"शिंपडलं. पोपटीवर शिंपडतात तेवढं."

"मग बरोबर हाय."

आता नेमकं कुठं बघायचं ते कळल्यावर त्याला वेळ लागला नाही. तिसऱ्याचा प्लग काढून दुसऱ्यात घातला, दुसऱ्याचा तिसऱ्यात. तरी मेला तो तिसराच. म्हणजे प्लग चांगला. मग प्लगला वीज नेणारी वायर त्यानं हातानं उचलली, वाकवून खालची बाजू बघितली आणि मला दाखवली. वरून वायर धड दिसत होती. खालून, जिथं ती इंजिनावर टेकली होती, तिथं रबर कुरतडलेलं. आत तांब्याची तार उघडी. गाडी थंड असली की चालून जायचं. तापली, जोर लावला, की वीज प्लगपर्यंत जायच्या आधीच त्या उघड्या जागेतून इंजिनाच्या अंगावर उडी मारायची.

"उंदीर," मिस्त्री म्हणाला. "गाडी कुठं उभी होती?"

"वालाच्या काडात."

"म्हणजे त्यांना जेवण आणि घर एकाच जागी."

त्यानं बॅटरीच्या मागे हात घातला आणि उंदरांचं घर बाहेर काढलं. वालाची टरफलं, काड्या, आणि मधोमध निळ्या कापडाच्या चिंध्या. ते कापड मी ओळखलं. तिच्या जुन्या लुगड्याचा फडका होता तो, काच पुसायला तिनं बॉनेटखाली खोचून ठेवलेला. बॉनेटखाली तिचं एवढंच सामान होतं.

मिस्त्री ते टाकायला निघाला. मी म्हटलं, "दे इकडं." निम्मा फडका शिल्लक होता. घरी आणून धुतला, वाळवला आणि परत गाडीत ठेवला. या वेळेस डॅशबोर्डच्या कप्प्यात.

चारही वायरी नवीन घातल्या. मी कोलाडला गेलो, तापवली, जोर लावून आणली. चारही मुसळं पडत होती. चहावाल्याला सांगितलं, आता उद्यापासून येणार नाय. तो म्हणाला, "साखर घालतो, काका."

पेणच्या तारखेला मुलानं सुट्टी काढली. मला वाटलं भंगारवाल्याला भेटायला येतोय, तसं मी बोलूनही दाखवलं. तो कंपनीचे लोखंडी नाकाचे बूट घालून बाजूला बसला.

"बूट काढ," मी म्हटलं.

"का?"

"म्हशीच्या पायासारखे बूट घालून तुला काय कळणार? काढ आणि पाय पत्र्यावर ठेव."

"थंडी हाय, बाबा."

"तुझी आई बसायची."

त्यानं बूट काढले. मोजेही काढले. पत्र्याला पाय लागला तसा शिवी देता देता थांबला.

पूल ओलांडला, अष्टमी गेली, खिंड चढलो. खिंडीत दगडाकडे मी बघितलं नाही, रस्त्याकडे बघितलं. नागोठण्याला हायवेला लागलो. गाडी ओढत होती. मी मनात म्हणत होतो, एवढं आजचं ने, मग काय वाट्टेल ते कर.

कासूच्या पुढं मुलगा म्हणाला, "थांबवा."

मला पायाला काही लागलं नव्हतं. चारही मुसळं पडत होती. मी म्हटलं, "काय झालं?"

"अवो, आत्ता थांबवा."

मी थांबवली. त्यानं कुणाचा शब्द वापरला ते त्याचं त्याला माहीत नसावं. माझे हात स्टेअरिंगवर तसेच राहिले. मग विचारलं, "कसा आवाज?"

तो खडखड म्हणायला गेला, मग नाही म्हणाला. "भाताच्या टोपावर झाकण नीट बसलं नाय ना, की वाफेनं वाजतं. तसा. खालनं. माझ्या बाजूनं."

मी बॉनेट उघडलं नाही. इंजिनाच्या आवाजाला तो झाकण म्हणाला नसता. अंगाखाली गोणपाट टाकून गाडीखाली वाकलो. सायलेन्सर धरून ठेवणारी पट्टी तुटून लोंबत होती. सायलेन्सर खाली पडला असता तर आरटीओच्या दारात आम्ही ट्रॅक्टरसारखे बोंबलत गेलो असतो आणि तिथंच निकाल लागला असता. डिकीत तार असते. मुलगा गाडीखाली शिरला, मी वरून सांगितलं, त्यानं तारेचे फेरे घालून आवळलं. शर्टाची पाठ काळी करून बाहेर आला. पुढं वडखळला गॅरेज दिसलं तिथं नवीन पट्टी बसवून घेतली. तारेवरची गाडी घेऊन मी साहेबापुढं उभा राहणार नव्हतो.

पेणला लायनीत उभे राहिलो. पुढच्या मागच्या गाड्या आमच्या गाडीच्या नाती शोभतील अशा. साहेब आला. चासीचा नंबर बघितला, लाईट बघितले, ब्रेक मारायला लावले, मागे जाऊन धूर बघितला. बॉनेट उघडायला लावलं.

"हे पांढरं काय?" चुन्याचं बोट अजून तिथंच होतं.

"खूण आहे, साहेब. मिस्त्रीला दाखवायला केलेली."

"हॉर्न वाजवा."

मी दाबला. किती वाजतोय त्याचा अंदाज येईना म्हणून मुलाकडे बघितलं. त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

"बास, बास," साहेब म्हणाला.

मग तो बराच वेळ इंजिनाकडे कान लावून उभा राहिला. त्याला काय ऐकू येत होतं मला कळायला मार्ग नव्हता. मी चपला काढलेल्याच होत्या. उभ्या गाडीतही पाय पत्र्यावर होता. चार पडत होती. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही, पायाकडे लक्ष ठेवलं. त्यानं बॉनेट खाली टाकलं ते सीटला जाणवलं.

"जुनी आहे, पण नीट ठेवलीय," तो म्हणाला. मुलानं ते मला मोठ्यानं सांगितलं. साहेबानं कागदावर सही केली होती. आणखी पाच वर्षं. गाडीला. माझं कुणी बघितलं नाही, ते बरंच झालं.

बाहेर येऊन वडापाव खाल्ला. मुलगा मोबाईल काढून कुणाशी तरी बोलला. भंगारवालाच असणार, कारण "नाय, नाय देणार" एवढं मला ऐकू आलं. मग माझ्यापुढं हात केला.

"चावी द्या. तुम्ही दमलात."

"मी दमलो नाय."

"मग मी दमलोय बसून. द्या."

मी चावी दिली आणि डाव्या बाजूला बसलो. एवढ्या वर्षांत त्या सीटवर मी कधी बसलो नव्हतो. सीट पुढं ओढलेली होती, तिच्या पायांच्या मापानं. मागं सरकवायची कळ हाताला लागली, पण मी सरकवली नाही. गुडघे दुमडून बसलो. खाली पत्र्यावरचा रंग दोन ठिकाणी झिजून गुळगुळीत झाला होता, टाचा टेकायच्या तिथं. माझे पाय तिथं मावत नव्हते. टाचा तेवढ्या ठेवल्या.

मुलगा हायवेला लागला, वेग घेतला. डॅशबोर्डचा कप्पा हादऱ्यानं उघडला, तो मी लावला. खालून थरथर येत होती. कासू गेलं. नागोठण्याला वळलो, खिंडीचा चढ सुरू झाला, त्यानं गिअर बदलला आणि माझ्याकडे तोंड करून ओरडला, "बाबा, बरोबर चाललीय ना?"

मी डोळे मिटून पायाला विचारलं.

"चाललीय," मी म्हटलं. "तू रस्त्याकडं बघ."